तळहाताएवढ्या चित्रांतली गरिबी: मुद्राचित्रे पाहू लागणाऱ्यांसाठी

रेम्ब्राँ या डच चित्रकाराने 1630 मध्ये एका भिकाऱ्याचे एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले चित्र, केले. मातीच्या उंचवट्यावर एक माणूस बसला आहे, अंगावर चिंध्या आहेत, हात पुढे पसरलेला आहे आणि तोंड ओरडत असल्यासारखे उघडे आहे. हे चित्र जेमतेम 11.6 सेंटिमीटर उंच आणि 7 सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे पोस्टकार्डापेक्षाही लहान. संगणकाच्या पडद्यावर तेच चित्र फूटभर उंच दिसते आणि पाहणाऱ्याची पहिली फसगत तिथेच होते. ठशावरून कागदावर छापलेली चित्रे म्हणजे मुद्राचित्रे. गरिबीची अशी छोटी मुद्राचित्रे नव्याने पाहू लागणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे. चित्रकलेचे शिक्षण त्यासाठी लागत नाही. एक पट्टी, थोडा कोरा कागद आणि एका चित्रासमोर पंधरा मिनिटे बसण्याची तयारी एवढे पुरते.

पहिली पायरी: माप घ्या आणि तेवढा कागद कापा

ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम, लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर हजारो मुद्राचित्रे मोफत पाहता येतात. चित्राच्या नोंदीत मिलिमीटर किंवा सेंटिमीटरमध्ये माप दिलेले असते आणि त्यात बहुधा उंची आधी, रुंदी नंतर लिहितात. ते माप वाचावे, तेवढाच कोरा कागद कापून टेबलावर ठेवावा आणि मोबाइलवरचे चित्र लहानमोठे करत त्या कागदाच्या आकारावर आणावे. हा खटाटोप पोरकट वाटेल, पण तो टाळू नये. मी स्वतः कित्येक वर्षे ही चित्रे पडद्यावर मोठी करकरून पाहत होतो आणि ती भिंतीवरच्या चित्रांसारखीच असतात असे धरून चाललो होतो. कापलेला कागद समोर ठेवल्यावरच हे ध्यानात आले की असे चित्र पाहायला मान खाली घालून, पत्र वाचावे तितके जवळ जावे लागते.

या अंतराला फार महत्त्व आहे. भिंतीवरचे तैलचित्र दहा जण एकदम पाहतात आणि पाहता पाहता गप्पाही मारतात. मुद्राचित्र मात्र त्या काळी संग्राहकाच्या वहीत चिकटवलेले किंवा पेटीत ठेवलेले असे आणि एका वेळी एकच माणूस ते हातात घेऊन पाही. ज्या भिकाऱ्याला रस्त्यात ओलांडून माणूस पुढे जातो, तोच भिकारी इथे हातात येतो, आणि नजर वळवायची तर कागदच खाली ठेवावा लागतो.

दुसरी पायरी: ठसा कसा उमटला ते ओळखा

छापील चित्र म्हटले की अनेकांना मूळ चित्राची नक्कल आठवते. मुद्राचित्र ही नक्कल नव्हे. चित्रकार ते मुळातच ठशावर घडवतो, आणि त्या ठशावरून निघालेली प्रत्येक प्रत मूळच मानली जाते. नवख्याने तीन प्रकार ओळखता आले तरी सुरुवातीला पुरे.

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, त्यावर सुईने रेघा ओढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. जिथे सुईने थर खरवडला असेल तिथे आम्ल तांबे खाते, त्या चरांत शाई भरते आणि ओला कागद दाबयंत्रातून काढला की ती कागदावर उतरते. रेघ केसासारखी बारीक येऊ शकते, त्यामुळे उसवलेला टाका, वाढलेली दाढी, फाटक्या जोड्यातून डोकावणारा अंगठा असे तपशील या पद्धतीला छान साधतात. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाने उमटलेली चौकट दिसली, तर बहुतेक वेळा ते एचिंग किंवा त्याच्या जातकुळीतले काही असते.

लाकडी ठसा आणि लिनोकट (लिनोलियम या मऊ पदार्थावर कोरलेला ठसा) यांत उलटे घडते. जे कोरून काढले ते पांढरे राहते आणि जे कोरले नाही ते काळे छापले जाते, म्हणजे काळोख आयता मिळतो आणि उजेड मात्र कोरून काढावा लागतो. उपासमारीने बसलेला गाल दाखवायचा, तर हाडावरचा तेवढाच उजेड कापायचा आणि बाकीचे काळे सोडायचे. या पद्धतीत बारकावे फारसे मावत नाहीत, पण जे मावते ते लांबूनही ओळखू येते. तिसरा प्रकार लिथो. त्यात दगडावर तेलकट खडूने काढतात, आणि तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या गुणावर छपाई चालते. खडूचा मऊ, धुरकट पोत तसाच कागदावर येतो.

तिसरी पायरी: आधी शीर्षक झाका

झाक कॅलो हा लॉरेनमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) नान्सी शहराचा चित्रकार. 1622–23 च्या सुमारास त्याने भिकाऱ्यांची 25 एचिंग्ज केली. प्रत्येक चित्र साधारण 14 सेंटिमीटर उंच. मागे ना घर, ना रस्ता. कोऱ्या कागदावर एकटी आकृती उभी असते. कुबड्या घेतलेला, भिक्षापात्र पुढे केलेली, मुलांना घेऊन निघालेली अशी ही माणसे आहेत. त्यातली मधली दोनतीन चित्रे सुटी पाहिली तर मन हलते. मग मालिकेचे पहिले पान उघडावे. तिथे एक रापलेला इसम निशाण घेऊन उभा आहे, आणि निशाणावर त्याला इटालियन भाषेत भामट्यांचा कप्तान म्हटले आहे. एवढ्या एका पानाने पुढच्या चोवीस जणांवर संशयाची सावली पडते. कुबडी खरी की सोंग, असे आता वाटू लागते.

म्हणून चित्र आधी नावाशिवाय पाहावे, मनात काय आले ते दोन ओळींत लिहून ठेवावे आणि मगच नाव वाचावे. कॅलो भिकाऱ्यांची टवाळी करत होता की त्यांच्या बाजूने उभा होता, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. मला स्वतःला वाटते की रेघ काढताना तो त्यांच्या बाजूचा होता आणि पहिले पान करताना गिऱ्हाइकाच्या बाजूचा. पुढे रेम्ब्राँने कॅलोच्या या आकृत्यांवरूनच धडे गिरवले, पण भिकाऱ्याला चेहरा द्यायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःचा चेहरा दिला. वर वर्णन केलेला 1630 मधला ओरडणारा भिकारी म्हणजे विशी ओलांडलेला रेम्ब्राँच आहे.

चौथी पायरी: चेहऱ्याआधी हात पाहा

नवखा प्रेक्षक थेट डोळ्यांकडे जातो, कारण दुःख डोळ्यांत असते असे आपण ऐकत आलेलो असतो. छोट्या मुद्राचित्रात डोळा म्हणजे बहुधा एखादा ठिपका. खरी माहिती हात, पाठ, पाय आणि पायाखालची जमीन यांत असते.

याच्या सरावासाठी रेम्ब्राँचे 1648 मधले एक एचिंग घ्यावे. त्याचे माप साधारण 16.5 बाय 12.8 सेंटिमीटर आहे. एक भिकारी कुटुंब एका घराच्या दाराशी आले आहे. दार डच घरांत असते तसे दुभागलेले आहे. वरचे फळकूट उघडे, खालचे बंद, आणि खालच्या फळकुटावरून वाकून घरातला म्हातारा भीक घालतो आहे. बाईच्या पाठीशी तान्हे मूल बांधलेले आहे. मागे उंच टोपी घातलेला म्हातारा वादक आहे, पुढे एक मुलगा पाठमोरा उभा आहे. आता चेहरे सोडून फक्त हात पाहावेत. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्या बाईचा हात ज्या जागी भेटतात, तिथे सगळी माणसे जमा झाली आहेत, आणि चित्रातली सर्वांत महत्त्वाची घटना नखाएवढ्या जागेत घडते आहे. नाणे दिसते न दिसते इतके बारीक आहे. देणारा मोठेपणाचा आव आणत नाही आणि घेणारी पाया पडत नाही. दोघांची नजर त्या एका व्यवहारावर आहे, बाजारात सुटे पैसे मोजून घेताना असावी तशी.

आता दार पाहावे. खालचे फळकूट बंदच आहे. म्हाताऱ्याने पैसा दिला, पण उंबरठा दिला नाही. रेम्ब्राँने त्यावर काही टिप्पणी केलेली नाही. दार जसे होते तसे काढले आहे. मात्र एकदा ते लक्षात आले, की चित्रातला चांगुलपणा खोटा न ठरताही त्याची उंची कळते. ती त्या फळकुटाएवढी आहे.

पाचवी पायरी: आपल्याला कुठे उभे केले आहे ते शोधा

मराठीत कीव, दया आणि कणव हे तीन शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण कान देऊन ऐकले तर त्यांतला फरक जाणवतो. कीव वरून खाली जाते. "कीव करावीशी वाटते" या वाक्यात तुच्छताही सहज मिसळते. दया देणाऱ्याच्या पदरात राहते. कणव मात्र आपल्यालाच येते, पोटात कालवते, तिच्यावर आपला ताबा नसतो. एखादे चित्र यांपैकी काय जागवते, हे चित्रकाराने प्रेक्षकाला उभे केलेल्या जागेवरून पुष्कळदा ठरते.

जर्मन चित्रकर्ती केथे कोलविट्झ 1891 मध्ये लग्नानंतर बर्लिनच्या कामगारवस्तीत राहायला गेली. नवरा डॉक्टर होता, आणि त्याच्याकडे येणारे कामगार व त्यांच्या बायका तिला रोज दिसत. 1893 ते 1897 या काळात तिने विणकरांवर सहा चित्रांची मालिका केली, तीन लिथो आणि तीन एचिंग्ज. सायलेशियातल्या विणकरांनी 1844 मध्ये केलेल्या उठावाची पार्श्वभूमी तिला आहे. पहिल्या चित्राचे नाव "हलाखी", माप साधारण 15 बाय 15 सेंटिमीटर. खोली बुटकी आणि अंधारी आहे. पुढे बिछान्यात आजारी मूल, त्याच्या चेहऱ्यावर उजेड. आई डोके दोन्ही हातांत धरून वाकली आहे. मागे खिडकीपाशी दुसरे मूल कवटाळून कोणीतरी बसले आहे, आणि उरलेली जागा मागाने खाल्ली आहे. ज्या मागावर घर चालायचे त्यानेच घरात माणसांना जागा ठेवलेली नाही. इथे प्रेक्षक कुठे आहे? बिछान्याच्या पायथ्याशी, खोलीच्या आत. दारातून डोकावण्याची सोय कोलविट्झने ठेवलेली नाही, आणि इतक्या जवळून कीव करता येत नाही.

याच चित्रकर्तीचे 1923 मधले "जर्मनीची मुले उपाशी आहेत" हे लिथो शेजारी ठेवून पाहावे. हे आकाराने मोठे, भित्तिपत्रक म्हणून केलेले आहे. चलनफुगवट्याचे ते वर्ष होते. मुले रिकामे वाडगे वर धरून वर पाहत आहेत. ती वर पाहतात याचा अर्थ ज्याच्याकडे पाहतात तो उभा आहे आणि पळी त्याच्या हातात आहे. ती जागा कोलविट्झने आपल्याला दिली आहे. इथेही कणव येते, पण सोबत एक हिशेबही येतो: वाढायचे आहे आणि मी अजून वाढलेले नाही.

स्पेनचा चित्रकार गोया याने तिसरीच जागा निवडली. माद्रिदमध्ये 1811–12 मध्ये मोठा दुष्काळ पडला आणि गोया तेव्हा शहरातच होता. युद्धाच्या अनर्थांवरच्या त्याच्या मालिकेत 48 ते 64 या क्रमांकांची एचिंग्ज त्या उपासमारीची आहेत. धातूचे पत्रे इतके दुर्मीळ झाले होते की या मालिकेसाठी त्याने आधीच्या निसर्गचित्रांचे पत्रे अर्धे कापून त्यांच्या पाठी वापरल्या. 61 व्या चित्रात मरायला टेकलेली माणसे आहेत आणि शेजारी चांगल्या कपड्यांतली खातीपिती मंडळी उभी आहेत. खाली ओळ आहे, तिचा अर्थ "ती वेगळ्या कुळातली असतील" असा होतो. मराठी वाचक त्या "कुळ" शब्दाशी थबकल्याशिवाय राहत नाही. गोया आपल्याला ना भुकेल्यांत बसवतो, ना खात्यापित्यांत. दोन्ही गट दिसतील अशा जागी उभे करून तो खालची ओळ मोठ्याने वाचून दाखवतो.

सहावी पायरी: चित्र पुढे कुठे गेले ते पाहा

गोयाची ती मालिका त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाही. 1828 मध्ये तो वारला आणि चित्रे 1863 मध्ये लोकांसमोर आली. कोलविट्झची विणकर-मालिका 1898 मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. परीक्षकांतल्या ज्येष्ठ चित्रकार मेन्झेल यांनी तिला सुवर्णपदक सुचवले आणि जर्मनीचा सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म याने ते नाकारले. पुढे चीनमध्ये लू शुन या लेखकाने कोलविट्झची चित्रे छापून तरुण चित्रकारांपर्यंत पोहोचवली, आणि तिथे लाकडी ठशांची चळवळ उभी राहिली. कागद घडी घालून पाकिटात जातो, म्हणून हे शक्य झाले.

आपल्याकडचे उदाहरण बंगाली चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचे आहे आणि ते मुंबईशी बांधलेले आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे 30 लाख माणसे मेली असा अंदाज सांगितला जातो. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात फिरले आणि भेटलेल्या माणसांची शाईने रेखाटने केली. अनेक रेखाटनांखाली त्यांनी त्या व्यक्तीचे नाव आणि ठिकाण लिहून ठेवले. ही बाब मला रेषेइतकीच मोलाची वाटते. सरकारी आकड्यात जे एक एकक झाले असते, त्याला कागदावर नाव मिळाले. या फेरीची "हंग्री बेंगॉल" नावाची पुस्तिका मुंबईहून निघाली. ब्रिटिश सरकारने तिच्या 5000 प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाने जपलेल्या एका प्रतीमुळे ती आज पाहता येते आणि 2011 मध्ये तिची हुबेहूब आवृत्ती निघाली. ही रेखाटने होती, छापून पसरलेली. कडक व्याख्येने मुद्राचित्रे नव्हेत. याच दुष्काळावर अण्णाभाऊ साठे यांनी मराठीत पोवाडा रचला, म्हणजे बंगालची भूक इथे चित्र आणि शाहिरी अशा दोन्ही वाटांनी पोहोचली.

1946 मध्ये चित्तप्रसाद मुंबईत आले आणि अंधेरीतल्या रुबी टेरेस इथल्या एका खोलीत पुढची अनेक वर्षे राहिले. तिथे त्यांनी लिनोकटची वाट धरली. लिनोलियम म्हणजे फरशीवर अंथरायची चीज. स्वस्त, मऊ, आणि यंत्र नसेल तर हाताने दाबूनही छापता येणारी. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कष्टकरी मुलांवर लिनोकटची मालिका केली. ती पुस्तकरूपाने 1969 मध्ये डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने काढली, आणि तिच्या नावाचा अर्थ "परीकथा नसलेले देवदूत" असा आहे. ही चित्रे पाहताना चौथी आणि पाचवी पायरी पुन्हा वापरून पाहावी: मुलांचे हात कशात गुंतले आहेत, आणि आपण त्यांच्या उंचीवर आहोत की त्यांच्यावर.

सातवी पायरी: गोड वाटले तर शंका घ्या

गरिबी चित्रात फार देखणी दिसू शकते. त्याच पिढीतले बंगाली मुद्राचित्रकार हरेन दास यांचे लाकडी ठसे कारागिरीत अजोड आहेत. नदी, होडी, गुरे, झोपडी, सगळे निवांत. मला ते आवडतात, पण ते पाहून भूक आठवत नाही, आणि ते मान्य करायला हरकत नाही. प्रत्येक चित्राने तेच काम करावे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. फक्त खेड्याचे सुख आणि खेड्याची गरिबी यांत आपली गल्लत होऊ देऊ नये. दुसऱ्या टोकाला बंगालचेच चित्रकार सोमनाथ होर आहेत. 1970 च्या दशकातल्या त्यांच्या "जखमा" या मालिकेत माणूसच नाही. पांढऱ्या कागदी लगद्यावर पांढरेच व्रण आहेत, आणि उजेड तिरका पडला तरच ते दिसतात. ही चित्रे मोबाइलवर पाहून उपयोग नाही, प्रदर्शनात गाठावीत.

आठवी पायरी: एक ठसा स्वतः कोरा

हस्तकलेच्या साहित्याच्या दुकानात लिनोचा तळहाताएवढा तुकडा, कोरणी आणि छपाईची शाई मिळते. लिनो थंडीत कडक होतो, तेव्हा तो जरा उन्हात ठेवावा. कोरणी नेहमी आपल्यापासून दूर ढकलावी आणि दुसरा हात तिच्या मागे ठेवावा, पुढे नव्हे. शाई रबरी रुळाने पातळ पसरावी, वर पातळ कागद ठेवावा आणि स्टीलच्या चमच्याची पाठ गोल गोल घासावी.

माझ्या पहिल्या तुकड्यावर मी सिग्नलला गजरे विकणारी एक आजी कोरली. डोळे मोठे आणि पाणावलेले केले, तोंडाशी सुरकुत्या खणल्या, आणि ठसा निघाला तो देणगीच्या पावतीवर शोभेल असा. आजी मुळात तशी पाहतच नव्हती. ती सिग्नलचे आकडे मोजत होती. दुसऱ्या तुकड्यावर चेहरा काळाच सोडला आणि पाठीचा बाक, मनगटावर ओळीने अडकवलेले गजरे व गाडीच्या काचेची कड एवढेच कोरले. तो ठसा पुष्कळ बरा आला, पण गजरे उजव्या मनगटावरून डाव्यावर गेले होते. ठसा आरशासारखा उलटा छापतो, हे मला माहीत असूनही मी विसरलो होतो. व्हॅन गॉगने 1885 मध्ये बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे लिथो थेट दगडावर आठवणीतून काढले, तेव्हा त्याचीही सगळी पंगत अशीच उलटी छापली गेली होती. ही चूक टाळायची तर रेखाटन आधी बटर पेपरवर करावे, कागद पालथा घालावा आणि मगच ते लिनोवर उतरवावे.